टॅप एका नावावर, हजेरी दुसऱ्याच्या नावावर: माझ्या पहिल्या अ‍ॅपचा अनुभव

मी रविवारी गणिताचा वर्ग घेते, ३८ मुलं आहेत. हजेरी वहीत घ्यायचे आणि महिनाअखेरीला बसून बेरजा करायचे. त्याचा कंटाळा आला म्हणून जानेवारीत ठरवलं की अँड्रॉइडचं एक छोटं अ‍ॅप बनवायचं. नावांची यादी, नावावर टॅप केलं की हजर, परत टॅप केलं की गैरहजर, बस. कॉटलिन ही अँड्रॉइड अ‍ॅप लिहायची भाषा थोडीफार येत होती, एक ऑनलाइन कोर्स पूर्ण केला होता, त्यामुळे वाटलं दोन रविवारचं काम आहे. ५ जानेवारी २०२५ ला सुरू केलं आणि अ‍ॅप प्ले स्टोअरवर आलं ७ एप्रिलला. या तीन महिन्यांतला निम्म्याहून जास्त वेळ एकाच गोष्टीत गेला, ती म्हणजे यादीतल्या नावावर केलेला टॅप त्याच नावापर्यंत पोचतोय ना. त्या दिवसांत मला कुणी हे सगळं सलग सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

सुरुवात केली लिस्टव्ह्यूने, म्हणजे स्क्रीनवर यादी दाखवणाऱ्या तयार भागाने, कारण जुन्या ट्यूटोरियलमध्ये तेच होतं. त्याला ऑनआयटमक्लिकलिसनर लावायचा (लिसनर म्हणजे टॅप झाला की चालणारा कोडचा तुकडा), त्यात पोझिशन, म्हणजे यादीतली कितवी जागा, मिळते, त्यावरून नाव काढायचं. पहिल्या संध्याकाळीच चाललं. मग मी प्रत्येक रोमध्ये, म्हणजे यादीतल्या प्रत्येक ओळीत, चेकबॉक्स टाकला आणि टॅप एकदम बंदच पडला. एरर नाही, क्रॅश नाही, लॉगकॅटमध्ये (अ‍ॅपच्या आतल्या नोंदी दिसतात तिथे) काही नाही, नुसतं शांत. दोन संध्याकाळी घालवल्यावर कळलं की रोच्या आत चेकबॉक्स किंवा बटन असं फोकस घेणारं काही असेल तर लिस्टव्ह्यूचा आयटम क्लिक येतच नाही. चेकबॉक्सचं फोकसेबल फॉल्स, म्हणजे 'नाही', करायचं, नाहीतर रोच्या बाहेरच्या लेआउटला डिसेंडंटफोकसेबिलिटी लावून ब्लॉक्सडिसेंडंट्स द्यायचं. एका ओळीचं काम, पण ती ओळ माहीत नसेल तर माणूस हताश होतो. तुमच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये लिस्टव्ह्यू असेल आणि टॅप मेला असेल तर आधी हेच बघा.

मग जिकडे तिकडे वाचलं की आता लिस्टव्ह्यू नको, रीसायकलरव्ह्यू वापरा. तो २०१४ पासून आहे म्हणजे नवीनही नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं त्यात हलवलं आणि ऑनआयटमक्लिकलिसनर शोधायला लागले, तर तो नाहीच! मला वाटलं माझंच काहीतरी इम्पोर्ट करायचं राहिलंय. नाही, मुद्दामच दिलेला नाही, प्रत्येक रोवरचा टॅप आपला आपण हाताळायचा. एका जुन्या उत्तरात आयटमटचलिसनर आणि जेश्चरडिटेक्टर असा मोठा कोड होता, तो चिकटवला, चाललासुद्धा. पण माझ्या रोमध्ये उजवीकडे एक माहितीचं आयकॉन होतं, त्यावर टॅप केलं की त्या मुलाचं पान उघडायचं. आता आयकॉनवर टॅप केला की पानही उघडायचं आणि मागे हजेरीही बदलायची, कारण तो टचलिसनर यादीवरचा प्रत्येक स्पर्श आधी स्वतः बघतो, बोट आयकॉनवर आहे का नावावर याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आठवडाभर त्यात कोऑर्डिनेट्सचे हिशोब घालून बघितले, मग सगळं काढून टाकलं. तुम्ही तो रस्ता घेऊ नका. प्रत्येक रोच्या व्ह्यूला, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाला, साधा सेटऑनक्लिकलिसनर लावा, आयकॉनला त्याचा वेगळा. आयकॉनने टॅप घेतला की तो रोपर्यंत जातच नाही, वेगळं काही करावं लागत नाही.

तर लिसनर मी ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये, म्हणजे रोमध्ये नाव आणि टिक भरणाऱ्या फंक्शनमध्ये (पुढे याला नुसतं बाइंड म्हणते), लावला, तिथे पोझिशन आयती मिळते म्हणून. ९ फेब्रुवारीला पहिल्यांदा अ‍ॅप घेऊन वर्गात गेले. वहीसुद्धा नेली होती, हे माझं नशीब. नवीन अ‍ॅप असेल तर पहिले तीनचार वेळा जुनी पद्धत बरोबर चालू ठेवाच.

रोल नंबर ३ वर टॅप केलं, टिक आली. पुढची नावं घेत खाली स्क्रोल केलं तर १७ वर आधीच टिक. १७ नंबर त्या दिवशी आलाच नव्हता, त्याचा बाक रिकामा दिसत होता. मी त्याच्यावर टॅप करून टिक काढली, पुढे गेले. घरी येऊन वहीशी ताडून बघितलं तर अ‍ॅपच्या महिन्याच्या तक्त्यात १७ हजर! स्क्रीनवर टिक नव्हती आणि आत हजेरी लागलेली होती.

हे कसं झालं ते समजायला मला चार दिवस लागले, पण एकदा समजल्यावर बाकी सगळं त्यातूनच उलगडलं म्हणून जरा सविस्तर सांगते. ३८ नावांसाठी ३८ रो बनत नाहीत. स्क्रीनवर मावतात तेवढे आणि वर थोडे जास्त, माझ्या फोनवर साधारण १४, एवढेच रो खरे असतात. वरून एक रो बाहेर गेला की तोच खालून नवीन नाव घेऊन परत येतो. म्हणजे ३ नंबरचा रोच १७ चं नाव लावून आला होता आणि येताना जुनी टिक घेऊन आला. माझ्या बाइंडमध्ये लिहिलं होतं की मूल हजर असेल तर टिक लाव. हजर नसेल तर काढ, हे लिहिलंच नव्हतं. आणि टॅप झाल्यावर मी दोन गोष्टी करत होते, डेटामधली हजेरी उलटी करायची आणि चेकबॉक्सही उलटा करायचा. १७ ची टिक खोटी, आतली हजेरी खरी, म्हणजे गैरहजर. मी टॅप केल्यावर दोन्ही उलटं झालं, टिक गेली आणि हजेरी लागली.

त्यामुळे दोन नियम केले. एक, बाइंडमध्ये रोची प्रत्येक गोष्ट दर वेळी लावायची, टिक असो, रंग असो, दिसणं-न दिसणं असो, "नसेल तर" ची बाजूसुद्धा लिहायची. दुसरं, टॅप झाल्यावर व्ह्यूला हात लावायचाच नाही. फक्त डेटा बदलायचा, आणि यादीतला डेटा रोमध्ये भरणाऱ्या अ‍ॅडॉप्टरला सांगायचं की हा आयटम बदलला, तो परत बाइंड करेल तेव्हा टिक आपोआप बरोबर येईल. त्याच वेळी मी चेकबॉक्सचं क्लिकेबल आणि फोकसेबल दोन्ही फॉल्स केलं, तो नुसता दाखवायला, टॅप सगळा रोवर. नाहीतर चेकबॉक्सचा चेकचेंजलिसनर लावलात तर अजून एक घोळ होतो, बाइंड करताना आपण कोडने टिक लावली तरी तो लिसनर पेटतो आणि त्याला वाटतं माणसानेच टॅप केलंय. तसा लिसनर ठेवायचाच असेल तर टिक लावायच्या आधी तो नल करा, म्हणजे काढून टाका, आणि नंतर परत लावा.

मग २३ फेब्रुवारी. एका मुलाने वर्ग सोडला, रोल नंबर ८. मी यादीतून नाव काढलं, छान अ‍ॅनिमेशन होऊन बाकीची नावं वर सरकली. मग ९ वर टॅप केलं, टिक आली १० वर. ११ वर टॅप केलं, टिक १२ वर. मला धडकी भरली, कारण मुलं समोर बसलेली, हजेरी चालू. आणि खाली पार शेवटपर्यंत जाऊन परत वर आले तर सगळं ठीक! असा बग सगळ्यात वाईट, दाखवायला जावं तर दिसत नाही.

हे पकडायला मी सहा नावांची छोटी खोटी यादी केली, म्हणजे सगळी नावं एकाच स्क्रीनवर. दुसरं नाव काढलं आणि शेवटच्या नावावर टॅप केलं, अ‍ॅप धाडकन बंद, इंडेक्सआउटऑफबाउंड्स, म्हणजे यादीत नसलेली जागा मागितली. आता दर वेळी होत होतं म्हणजे समजून घेता येणार होतं. ही युक्ती लक्षात ठेवा, यादीचा बग अधूनमधून येत असेल तर यादी लहान करून बघा.

कारण असं की मी बाइंडच्या वेळची पोझिशन लिसनरच्या आत पकडून ठेवली होती. एक आयटम काढला असं (नोटिफायआयटमरिमूव्ड) सांगितलं की रीसायकलरव्ह्यू खालचे रो नुसते वर सरकवतो, त्यांना परत बाइंड करत नाही, गरजच नसते, मजकूर तोच आहे. पण माझ्या लिसनरमध्ये जुना आकडा तसाच बसलेला. ९ नंबर आता एक जागा वर आलेला, त्याचा लिसनर अजून जुनी जागा सांगतोय, आणि त्या जागेवर आता १० आहे. स्क्रोल केल्यावर बहुतेक रो नव्याने बाइंड होतात म्हणून बग आपोआप गेल्यासारखा वाटतो.

उपाय दोन टप्प्यांत केला. आधी लिसनर ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये, म्हणजे रो बनवणाऱ्या फंक्शनमध्ये, हलवला, एकदाच लावायचा, आणि टॅप झाला त्या क्षणी व्ह्यूहोल्डरला, म्हणजे तो रो धरून ठेवणाऱ्या वस्तूला, विचारायचं की तू आत्ता कुठे आहेस, त्यासाठी बाइंडिंगअ‍ॅडॉप्टरपोझिशन. जुन्या लेखांत गेटअ‍ॅडॉप्टरपोझिशन दिसेल, ते आता डेप्रिकेटेड आहे, म्हणजे वापरू नका असं सांगितलेलं आहे. उत्तर उणे एक येऊ शकतं, त्याला नोपोझिशन म्हणतात, म्हणजे रो पुसला जात असताना बोट पडलं किंवा सगळी यादी बदलली असं (नोटिफायडेटासेटचेंज्ड) सांगितल्यावर नवा लेआउट व्हायच्या आत टॅप आला. तेव्हा गुपचूप परत फिरायचं, काही करायचं नाही. ही एक इफ विसरलात तर डिलीटवर पटपट दोनदा टॅप करणारा माणूस तुमचं अ‍ॅप पाडणार हे नक्की.

दुसरा टप्पा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पोझिशन अ‍ॅडॉप्टरच्या बाहेर जाऊच द्यायची नाही. अ‍ॅडॉप्टरला कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे बनवतानाच, एक लॅम्डा (छोटं फंक्शन) द्यायचा आणि टॅप झाला की त्यातून त्या मुलाचा आयडी बाहेर पाठवायचा, डेटाबेसमधला कायमचा आयडी. पुढे व्ह्यूमॉडेलने, म्हणजे पडद्यामागे डेटा सांभाळणाऱ्या भागाने, त्या आयडीवर हजेरी लावायची. मी वर्गात नाव घेते तेव्हा त्या मुलाला हाक मारते, तिसऱ्या बाकावरच्या जागेला नाही, आणि मूल जागा बदलून बसलं म्हणून त्याची हजेरी दुसऱ्याला लागत नाही. अ‍ॅपमध्येही तसंच हवं. याच्याबरोबर लिस्टअ‍ॅडॉप्टर आणि जुन्या-नव्या यादीतला फरक शोधणारं डिफयूटिल घेतलं, त्यातही आयडीवरूनच ठरवायचं असतं की हा आयटम तोच आहे का. मग नाव काढणं, नाव घालणं, आडनावाने लावणं, कशानेही टॅप चुकेना. २ मार्चच्या वर्गात पहिल्यांदा वही आणि अ‍ॅप तंतोतंत जुळलं. त्या दिवशी घरी येताना मला खरोखर हलकं वाटत होतं.

मग छोट्या छोट्या गोष्टी. टॅप केल्यावर रोवर काहीच हललं नाही तर माणूस परत टॅप करतो, आणि माझ्याकडे दुसरा टॅप म्हणजे गैरहजर. रोच्या बॅकग्राउंडला सिलेक्टेबलआयटमबॅकग्राउंड दिलं की ती लाट उमटते, बोटाला उत्तर मिळतं. शिवाय मी आधी डेटाबेसमध्ये लिहून झाल्यावर टिक दाखवत होते, आता टिक लगेच दाखवते आणि लिहिणं मागे होतं. आयटम बदलल्यावर रो किंचित लुकलुकायचा आणि त्यात घाईत केलेले टॅप कधीकधी हरवायचे, त्याला पेलोड द्यायचा, म्हणजे अख्खा रो न बदलता तेवढी टिकच बदलते. माहितीच्या आयकॉनवर पटकन दोनदा टॅप केलं की नेव्हिगेशनमध्ये क्रॅश यायचा, कारण पहिल्या टॅपने आपण पुढच्या पानावर गेलेलो असतो आणि दुसरा टॅप जुन्या पानावरून निघायचा प्रयत्न करतो. जाण्याआधी आत्ताचं पान तेच आहे ना, एवढं तपासलं की मिटलं. टॅपवर वेळेचं बंधन घालायचा सल्लाही मिळेल, पण हजेरीसारख्या टॉगलवर ते घालू नका, चुकलेला टॅप लगेच सुधारायची माणसाला मुभा हवी.

आता प्ले स्टोअर. बाकीच्या दोन शिक्षकांनी अ‍ॅप मागितलं म्हणून ३ मार्चला डेव्हलपर अकाउंट काढलं. फी २५ डॉलर, एकदाच, दरवर्षी नाही. ओळखपत्र अपलोड करावं लागतं, त्यावरचं नाव आणि पेमेंट प्रोफाइलवरचं नाव अक्षरशः सारखं ठेवा. माझं मधलं नाव एका ठिकाणी होतं, एका ठिकाणी नव्हतं, त्यात चार दिवस गेले. मग फॉर्म. प्रायव्हसी पॉलिसीची लिंक लागते, अ‍ॅप साधं असलं तरी. डेटा सेफ्टी फॉर्ममध्ये मी घाबरले होते कारण अ‍ॅपमध्ये मुलांची नावं आहेत, पण माहिती फोनमध्येच राहते आणि बाहेर कुठेच जात नाही, अशा वेळी ती गोळा केली असं धरत नाहीत. वयोगटाच्या फॉर्ममध्ये अ‍ॅप वापरणारे कोण ते विचारतात, यादीत कुणाची नावं आहेत ते नाही, वापरणार शिक्षक, म्हणून १८ आणि वर. कंटेंट रेटिंगची प्रश्नावली दहा मिनिटांत होते.

खरी वाट बघायला लागते ती क्लोज्ड टेस्टिंगची, म्हणजे ठरावीक लोकांना अ‍ॅप आधी वापरायला द्यायचं त्याची. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक अकाउंट असेल तर किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले राहिले पाहिजेत, मगच प्रॉडक्शनसाठी, म्हणजे अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करायला, अर्ज करता येतो. आधी हा आकडा २० होता, आता १२ आहे. बरोबर १२ घेऊ नका. मी १५ जणांना सांगितलं, १४ जोडले गेले, १६ मार्चला घड्याळ सुरू झालं आणि पाचव्या दिवशी एकाने फोन बदलताना टेस्टिंगमधून बाहेर पडायचं बटन दाबलं. जास्तीचे दोन नसते तर माझी झोप उडाली असती.

या १४ दिवसांतच मला सगळ्यात मोठी चूक कळली. टेस्टरांमध्ये एक ताई होत्या, संगीत शिकवतात, त्यांना दिसत नाही, फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, वापरतात. त्यांचा फोन आला, "अगं, नाव वाचतं, डबल टॅपही होतो, पण हजेरी लागली का नाही ते मला कसं कळणार?" मी चेकबॉक्स नुसता दाखवायला ठेवला होता आणि टिक फक्त डोळ्यांसाठी होती. मी त्याच रात्री टॉकबॅक लावून डोळे मिटून माझंच अ‍ॅप वापरलं. आधी रोल नंबर, मग नाव, आणि पुढे शांतता. आयकॉनवर गेले तर नुसतं "बटन", कसलं बटन ते नाही. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी दहा दिवस काही न बोलता प्रयत्न केला होता.

दुरुस्ती अवघड नव्हती. रोला स्टेटडिस्क्रिप्शन, म्हणजे टॉकबॅकने बोलायची स्थिती, द्यायचं, हजर किंवा गैरहजर, ते बाइंडमध्येच, टिकच्या शेजारच्या ओळीत. आयकॉनला कंटेंटडिस्क्रिप्शन, म्हणजे त्याच्यासाठी बोलायचे शब्द, आणि त्यात मुलाचं नावसुद्धा घालायचं, नुसतं "माहिती" असं ३७ वेळा ऐकून काय उपयोग. तेव्हाच लक्षात आलं की तो जुना जेश्चरडिटेक्टरवाला कोड ठेवला असता तर टॉकबॅकला रोवर टॅप करता येतो हेच कळलं नसतं, कारण त्यात रो क्लिकेबल नसतोच. टॉकबॅक लावून बघायचं हे शेवटी नाही, पहिला टॅप चालला त्याच दिवशी करा. सेटिंगमध्ये व्हॉल्यूमची दोन्ही बटनं दाबून चालू-बंद करायचा शॉर्टकट लावून ठेवा, नाहीतर चालू केल्यावर बंद करताना गोंधळ उडतो.

प्ले स्टोअरच्या प्री-लॉन्च रिपोर्टमध्येही (अ‍ॅपच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत) एक सूचना आली, माहितीच्या आयकॉनची टॅप करायची जागा लहान आहे. आयकॉन २४ डीपीचं होतं (डीपी हे स्क्रीनवरचं माप), टॅपची जागाही तेवढीच. ४८ बाय ४८ डीपी हवी, म्हणजे खऱ्या मापात साधारण ९ मिलिमीटर. आयकॉन तेवढंच ठेवून चारी बाजूंना १२ डीपी पॅडिंग दिलं. त्याच्या आधी टेस्टर सांगत होते की माहिती उघडायला गेलं की हजेरी बदलते, ती तक्रारही याच्यानेच गेली, बोट आयकॉनच्या कडेला पडत होतं आणि तिथे रो सुरू होत होता.

१४ दिवस ३० मार्चला संपले. प्रॉडक्शनच्या अर्जात विचारतात की टेस्टर कसे मिळवले, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं. मी रोज एका वहीत लिहून ठेवत होते, कोणी काय सांगितलं आणि कुठल्या व्हर्जनमध्ये दुरुस्त केलं, तेच साध्या भाषेत भरलं, ताईंचा टॉकबॅकचा मुद्दाही. १ एप्रिलला अर्ज, ५ ला मंजुरी, ७ ला अ‍ॅप दिसायला लागलं. सात दिवसांपर्यंत लागू शकतात म्हणतात, तेव्हा दोन दिवसांत उत्तर नाही म्हणून परत परत काही बदलत बसू नका.

त्यानंतरच्या अपडेटमध्ये एकदम अनेक नावं निवडायला लाँगप्रेस टाकला. नाव दाबून धरलं की निवडलं जायचं आणि बोट उचललं की हजेरीही लागायची. लाँगक्लिकच्या लिसनरमधून ट्रू परत द्यायचं असतं, टॅप माझ्याकडे पोचला असं सांगायला, मी फॉल्स देत होते. यावेळी पंधरा मिनिटांत सापडलं. पाठवायच्या आधी बिल्ड, म्हणजे अ‍ॅपची नवी प्रत, ताईंना दिली. त्यांनी लाँगप्रेस करून बघितला, मग विचारलं की किती नावं निवडली तेही बोलेल का. ते अजून बोलत नाही, या रविवारी त्याच्यावरच बसणार आहे.